नाडीची उशी

१९ ऑक्टोबर, रविवार

आजही सगळ्या नाड्या जुळल्या! दहापैकी दहा. सुट्टी संपल्यापासून मोजतेय – सलग अठ्ठावीस. दवाखान्यात मी रुग्णाची नाडी सांगते, श्योंग सर 'हं' म्हणतात आणि वहीत तेच लिहितात. मागच्या वर्षी ते आधी चिठ्ठीवर स्वतःचं लिहून ती नाडीच्या उशीखाली, म्हणजे रुग्ण मनगट ठेवतो त्या छोट्या उशीखाली, सरकवायचे. मी बोलले की चिठ्ठी उघडायची. दहात तीन जुळल्या तरी मी दिवसभर हवेत! 'बाओ यान, ही बोटं आहेत की पातीच्या कांद्याच्या काड्या?' – हे तर पाठ झालं होतं. वसंताच्या सणानंतर चिठ्ठी बंद झाली. आता आधी मीच सांगायचं. म्हणजे भरवसा वाटायला लागला असणार.

सांगायला कोणी नाही म्हणून इथे लिहिलं.

२२ ऑक्टोबर

नानछांगच्या थंडीला ओल असते. आमच्या कान्सूची थंडी हाडं फोडते, पण कोरडी. इथे गादी, मोजे, ही वही – सगळं दमट. खोलीतल्या तिघी इथल्याच. त्यांची बोली मला अर्धी कळते, म्हणून मी अर्धंच हसते.

आईचा फोन. 'जेवलीस?' 'जेवले.' 'काय?' 'तांदळाच्या शेवया.' 'रोज शेवया? मटण मिळत नाही का तिकडे?' 'मिळतं गं.' मग फोन कोणीच ठेवेना.

२३ ऑक्टोबर

शरीरक्रियेचा तास – स्पर्श. बोटांच्या टोकांना केसाएवढा उंचवटाही कळतो, पाठ त्या मानाने बहिरी. साखरेच्या आजारात मज्जातंतू मरतात ते लांबच्या टोकाकडून – आधी पावलं, मग बोटं. परीक्षेला हमखास येतं म्हणे. मी मात्र भलताच हिशेब करत बसले. ह्या शहरात आठवड्याला वीस मनगटं धरते मी. माझं कोणी धरत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज एक नवीन बाई. वानबाई. बसथांब्याजवळ शेवयांची गाडी लावतात. वय चव्वेचाळीस. दोन महिने पाळी नाही, पोट जड, झोप नाही. शिवाय जावेशी भांडण. 'ती माझ्या डोक्यात बसलीय, डॉक्टर. तिच्यावर काही काढा आहे का?' सर म्हणाले, 'तिला घेऊन या, तिलाच पाजू.'

नाडी ताणलेल्या तारेसारखी लागली. तसं सांगितलं. 'हं.' मन शांत करणाऱ्या सौम्य पुड्या दिल्या, दोन आठवड्यांच्या.

जाताना वानबाईंनी माझा गालगुच्चा घेतला. 'किती वाळलीस गं पोरी! ये गाडीवर, सूप देते.' इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी मला हात लावला. रडू येईल असं वाटलं. मूर्खपणा.

सलग सत्तेचाळीस.

२९ ऑक्टोबर

आईने पाठवलेली तिळाची वडी सरांपुढे ठेवली. 'मला साखर बंद आहे, तू खा.' हातात उकळत्या चहाचा पेला असा धरून बसले होते की बघून मलाच चटका बसला. उजव्या तर्जनीला टपोरा फोड आलाय. 'सर, फोड!' 'कसला फोड?'

विसराळू झालेत. सदऱ्याची गुंडी लावायलाही हल्ली वेळ लागतो.

५ नोव्हेंबर

वसतिगृह, दवाखाना, वसतिगृह. दवाखान्यातलं सरांशेजारचं माझं स्टूल काढून घेतलं तर ह्या गावात मला बसायला जागा नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

वानबाई परत आल्या. झोप बरी आहे, पाळी नाहीच. सरांनी नेहमीसारखी तीन बोटं ठेवली, उचलली. 'तू सांग.'

माझ्या बोटांना वेगळंच लागलं. गोल, गुळगुळीत, ताटलीत मोती घरंगळावेत तसं. नाडी निसरडी होती. पण वहीत सरांच्या अक्षरात मागच्या वेळची नोंद समोरच – 'तारेसारखी'. वाटलं, माझंच चुकत असेल. आणि खरं सांगायचं तर – सलग चौऱ्याऐंशी झाल्या होत्या!

'तारेसारखी,' मी म्हणाले.

'अजून तशीच? हं. मग रक्त हलवायला हवं, पाळी मोकळी व्हायला.' त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. करडईची फुलं, पीचच्या बिया, आणखी सहा औषधं. वानबाई पुड्यांची पिशवी घेऊन गेल्या.

पंच्याऐंशी.

१० नोव्हेंबर, सोमवार



सकाळी गर्भशास्त्राचा तास. गर्भाचं हृदय बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी धडधडायला लागतं, आई अजून दिवस मोजत असते तेव्हा. फळ्यावर नुसती वाकडी नळी काढली होती. ती पाहिली आणि वानबाई आठवल्या. पाळी नाही. नाडी निसरडी, गरोदरपणी लागते तशी. आणि पुडीत करडईची फुलं! हे तर पहिल्या वर्षाची मुलंही घोकतात – पोटुशीला ती चालत नाहीत.

तास सोडून पळाले. वाटेत औषधाच्या दुकानातून चाचणीची पट्टी घेतली. वानबाई गाडीवर शेवया कालवत होत्या.

'काढा घेतला का?'

'आली की नाही सूप प्यायला!'

'मावशी, काढा!'

'नाही गं घेतला. काढ्याचं मडकं जावेकडे आहे. ती आणून देणार नाही – काढ्याचं मडकं परत द्यायला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात आजार नेऊन ठेवणं. ज्याचं त्याने जाऊन आणायचं असतं. आणि तिच्या दारात मी? मेले तरी जाणार नाही!'

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. कोण कुठली ती जाऊ, तिचे पाय धरावेसे वाटले.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या. वानबाई तोंडाला एप्रनचा बोळा लावून हसल्या की रडल्या, कळलं नाही. 'माझा मुलगा लग्नाचा झालाय गं!' पुड्या मी परत घेतल्या. प्रसूतीच्या डॉक्टरकडे आजच जायचं वचन घेतलं. सूप दिलंच.

आता बुधवारी सरांना सांगायचं. स्टूल जाईल. जाऊ दे.

पण एक कळत नाही. मी घाबरून खोटं बोलले. सरांची बोटं तर माझ्या आधी तिथे होती. त्यांना कसं नाही लागलं?

११ नोव्हेंबर

वही उघडली. मिटली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रुग्ण यायच्या आधी सगळं सांगून टाकलं. पुड्या टेबलावर ठेवल्या. सरांनी एक पुडी उघडून पाहिली.

'बोटांना काय लागलं होतं?'

'निसरडी.'

'मग तारेसारखी का म्हणालीस?'

'मागच्या वेळी वहीत तुम्ही लिहिलं होतं.'

'मागच्या वेळीही मी तू सांगितलंस तेच लिहिलं होतं, बाओ यान.' फोडाचं बोट त्यांनी दुसऱ्या हाताच्या नखाने दाबलं. चेहरा हलला नाही. 'चिठ्ठी बंद केली ती उगाच नाही. काहीच लागत नाही. ना गरम, ना नाडी. तुझ्यावर विसंबून बसलो होतो, आणि तुला सांगितलं नाही. चूक तुझी नाही, माझी आहे. दारावरचं माझं नाव आजच उतरवायला सांगतो.'

पंच्याऐंशी वेळा माझंच मला जुळलं होतं.

मग ते बाही वर करू लागले. गुंडीशी झटत होते, मीच काढली. त्यांनी आपलं मनगट उशीवर ठेवलं.

'बघ. जे लागेल तेच सांग.'