लाल डोळ्याची अध्यक्षबाई

मु. पो. चामोर्शीजवळ,
२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप गुणवंतभाऊंच्या पायांवर धाकट्या अन्नपूर्णाचं डोकं, वहिनींना वाकून नमस्कार आणि नातवाच्या दोन्ही गालांना एकेक पापी.

(मायना शाळेत शिकवला तसा घातला आहे. खाली मात्र तू-तुझंच चालेल, कारण ज्या भावानं मला चिंचेच्या झाडावर चढवून शिडी पळवली, त्याला 'आपण' लिहायला हात वळत नाही.)

पत्रास कारण की, इकडे माणसं सगळी ठीक आहेत, फक्त म्हैस आटली आहे. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचं बी.पी.? फोन का नाही केला, असं विचारशील. भाऊ, वहिनी फोन स्पीकरवर टाकतात. मागे मी पोट बिघडल्याचं सांगितलं, तर तिसऱ्या दिवशी तुमच्या पोंभुर्ण्याहून आलेल्या भाजीवाल्यानं मला विचारलं, "आता कसं हाये पोट?" तेव्हा हे सगळं कागदावर. वाचून झाल्यावर घडी घालून खिशात ठेव.

माझ्या उजव्या डोळ्यात मांस वाढलं होतं, हे तुला माहीत आहे. किती वाढलं, ते माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी नाकाकडच्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढं गुलाबी काहीतरी दिसलं. दुखत नव्हतं, म्हणून मी त्याला विचारलं नाही आणि त्यानंही मला विचारलं नाही. ते आपलं निवांत सरकत राहिलं, लाल शिरांचा तिकोनी पडदा होऊन थेट बुबुळावर चढलं. उन्हात किंवा वाऱ्यात गेलं, की डोळा असा लाल व्हायचा, की आरशात मीच दचकायची. आता दुसऱ्या कोणाचा डोळा लाल झाला असता, तर लोकांनी 'काय झालं?' म्हणून विचारलं असतं. पण मी पडले गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष.

तुमच्या जिल्ह्यात दारूची दुकानं परत उघडली, तुम्हाला काय! आमच्याकडे बंदी आहे, आणि बंदी असली की ती कोणीतरी सांभाळावी लागते. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर बायांनी ती माझ्या गळ्यात घातली. देवापुढे चढवायची मोहाची थेंबभर दारू वेगळी, त्यावर मी कधी बोलत नाही. पण नाल्यामागे हंडी चढवून ती गाळून विकणं वेगळं, आणि ते करतो दसरू. हा दसरू म्हणजे काळ्या मोटारसायकलचा, गोड बोलण्याचा, आणि डोळे दुधासारखे पांढरेशुभ्र. (स्वतः पीत नाही, विकतो. देवाचा न्याय कधीकधी डोळ्यांतच दिसतो.)

मागच्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभी राहून दसरूच्या हंडीचा विषय काढला. तो हात जोडून उठला आणि म्हणाला, "बाई, हंडी फोडता, फोडा. पण तुमचा डोळा कायनं लाल होऊन राह्यला, ते बी सांगा ना सभेले."

अख्खी सभा माझ्या डोळ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "अरे, पिणाऱ्याचे दोन्ही डोळे लाल होतात. माझा एकच हाये."

"अध्यक्ष हाये ना," दसरू म्हणाला, "अर्धीच घेत असन."

भाऊ, सरपंच हसले. ग्रामसेवक रजिस्टरमध्ये तोंड घालून हसला. आमचे हे (म्हणजे तुझे मेहुणे मुखरूराव) मागच्या रांगेत होते, त्यांचेही खांदे हलताना मी पाहिले. शेवटी आमच्या समितीची सचिव इंदुताई पुढं आली, माझ्या तोंडाजवळ नाक आणून तिनं हुंगलं आणि सभेला सांगितलं, "लसून हाये. दारू नाई." निकाल माझ्या बाजूनं लागला खरा, पण त्या दिवसापासून पोरं मला 'क्वार्टरबाई' म्हणायला लागली.

यानंतर मी तुला फोन केला आणि तू उपाय सांगितलास. कांद्याचा रस, मध आणि कसल्याशा पाल्याचा चीक, सकाळ-संध्याकाळ डोळ्यात दोन थेंब. गुणवंतभाऊ, तू तीस वर्षं जंगलखात्यात वनरक्षक होतास. झाडं ओळखतोस, हे मान्य. डोळा हे झाड नव्हे. पहिल्याच थेंबाला मी अंगणाला तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी डोळा पिकलेल्या टेंभरासारखा सुजला, तिसऱ्या दिवशी उघडेना. तुला पुढं कळवलं नाही, कारण तोंडातून जे आलं असतं ते मोठ्या भावाला बोलू नये.

मग गडचिरोलीच्या दवाखान्यात गेले. डोळ्यांच्या डॉक्टर दिव्यानी म्हणून आहेत, इतक्या लहान, की मी आधी त्यांनाच विचारलं, "बाळा, डॉक्टर कुठी आहेत?" त्यांनी राग मानला नाही. यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, डोळ्यात उजेड मारला आणि आधी विचारलं, "काकू, यात काय घातलं?" मी तुझं नाव सांगितलं नाही. पुढं म्हणाल्या, हा कॅन्सर नाही, साधी वाढ आहे. वर्षानुवर्षं ऊन, धूळ, वारा लागला की अशी येते. धानाची रोवणी करणाऱ्या, तेंदूची पानं तोडणाऱ्या, जंगलात फिरणाऱ्या माणसांत फार. छोटी असली तर थेंब आणि काळा चष्मा पुरतो. पण माझी बुबुळावर चढून त्याला ओढत होती, म्हणून तर मला लग्नपत्रिकेतली अक्षरं वाकडी दिसत होती (मी छापखान्याला शिव्या देत होते). बाहुलीपर्यंत पोचली, तर समोरचं दिसणंच अडेल, काढलेली बरी. तिला टेरिजियम म्हणतात. केसपेपरवर ते इंग्रजी पी पासून लिहितात आणि पी म्हणत नाहीत. म्हणजे नावातसुद्धा 'पी' आहे, पण पीत नाही! मला ते ऐकून फार बरं वाटलं.

सूज उतरायला थेंब दिले आणि डिसेंबरातली तारीख दिली. सोबत एक माणूस आणा म्हणाल्या. आता आमच्या यांचं तर तुला ठाऊकच आहे, कोंबडी कापायची तरी हे आधी शेजारी जाऊन बसतात. त्यात खळ्यावर धानाचं चुरणं चालू. इंदुताई येणार होती, तिची सून त्याच पहाटे बाळंत झाली. मी म्हटलं, एकटी जाते. भीती म्हणशील, तर मला जरासुद्धा वाटत नव्हती.

फाट्यावर दीड तास उभी होते. बस आली नाही. दसरूची मोटारसायकल आली.

"कुठी चालल्या बाई?"

"गडचिरोलीले. डोळ्याचं आपरेशन हाये."

"मंग बसा ना."

"तुह्या गाडीवर?"

"गाडी पेट्रोलवर चालते बाई, मोहावर नाई."

मी आधी त्याच्या हँडलला अडकवलेली पिशवी उघडून पाहिली. दोन भोपळे निघाले. मग बसले. वाटेत आमच्याच गावच्या चार बाया शेताकडे जाताना दिसल्या. दारूबंदीची अध्यक्ष दारूवाल्याच्या मागं बसून भोपळे सांभाळत चालली आहे, हे पाहून एकीच्या डोक्यावरची पाटी घसरली.

मला वाटलं, तो दाराशी सोडून जाईल. पण आत नर्सनं फॉर्म पुढं केला. "सोबत कोण आहे? सही लागेल. नातं सांगा." मी दसरूकडे पाहिलं, दसरूनं माझ्याकडे. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "भाऊ हावो." आणि सही केली. काय सही, भाऊ! वळणदार, खाली दोन टिंबं. समितीच्या नोटिशीवर 'मले लिहिता येत नाई' म्हणून चार वेळा अंगठा दिलेला हाच माणूस. मी बघत राहिले तर म्हणाला, "दवाखान्यात खोटं बोलू नये ना बाई."

ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं. आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात, मग बारीक सुई, मग तोंडावर कापड, त्याला डोळ्यापुरतं भोक. माणूस पूर्ण जागा असतो. मी डॉक्टरांना आमच्या समितीचं काम सांगायला घेतलं. त्या म्हणाल्या, "काकू, डोळा हलवू नका." मी म्हटलं, मी तर तोंड हलवते आहे. त्या म्हणाल्या, "तोंड हललं की डोळाही हलतो." आयुष्यात पहिल्यांदा मी पाऊण तास गप्प राहिले. (आमच्या यांना हे अजून खरं वाटत नाही.) नुसतं मांस काढलं, तर ते परत उगवतं, म्हणून त्याच डोळ्याच्या वरच्या बाजूचा पांढरा पातळ पापुद्रा उचलून मोकळ्या जागी चिकटवतात. धानाचे पऱ्हे वाफ्यातून उपटून बांधीत रोवावेत, तशी रोवणीच ती. मी आयुष्यभर रोवणी केली, म्हातारपणी माझ्यावरच झाली.

पट्टी बांधून बाहेर आले तर दसरू बाकावर माझ्या चपला मांडीवर घेऊन बसलेला. म्हणाला, "चपला चोरीले जातेत बाई इथी." चार तास तो तसाच बसला होता, भोपळेही न पोचवता. परतताना त्यानं गाडी अशी चालवली, की सायकलवाले आम्हाला मागं टाकून वळून बघत होते.

पुढचे पंधरा दिवस चुलीपुढे जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही. आमच्या यांनी स्वयंपाक केला. पंधरा दिवसांत तीनदा वरण झालं, बाकी बारा दिवस जे झालं त्याला नाव नाही. पट्टी निघाल्यावर डोळा आधी होता त्याहून लाल दिसला आणि मी हबकले, पण डॉक्टर म्हणाल्या, ओसरेल. ओसरला. उन्हात काळा चष्मा मात्र कायमचा, कारण ही वाढ कधीकधी परत येते.

जानेवारीच्या ग्रामसभेला मी काळा चष्मा लावून गेले. मागून कोणीतरी ओरडलं, "चष्मा काढा क्वार्टरबाई, पाहू द्या!" मी काढायच्या आत दसरू उठला. "बाईच्या डोळ्यात मांस होतं, दारू नोती. मी सोता सही करून आपरेशन केलं हाये." (त्यानं केलं! पण मी दुरुस्त केलं नाही.) मग त्यानं सभेला दहा मिनिटं डोळ्याची माहिती दिली, तीत दर तिसरी गोष्ट बरोबर होती. सगळे मान डोलवत होते. आणि तो खाली बसल्यावर सरपंचांनी पुढचा विषय वाचला : नाल्यामागची हंडी.

सगळी सभा पुन्हा माझ्याकडे बघायला लागली. इंदुताई कानात म्हणाली, "आता भावाच्या घरी जाशीन का?"

गेले, भाऊ. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाच बाया घेऊन. नाल्यामागे हंडी चढलेली, दसरू शेजारी बसलेला. पळाला नाही. मी काठी उचलली तसा म्हणाला, "बाई, थांबा." मला वाटलं, आता सहीचा विषय काढतो, चपलांचा काढतो. त्यानं जळती लाकडं बाजूला ओढली, त्यांवर दोन बादल्या पाणी ओतलं, धूर विरेपर्यंत हातानं वारा घातला. "डाक्टरीनबाईनं सांगतलं हाये, धूर लागू द्याचा नाई. हं, आता फोडा."

पहिला फटका हुकला. (दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं, तरी हुकला.) दुसऱ्यात फुटली.

मग त्याच्या बायकोनं काळा चहा केला आणि आम्ही सगळ्यांनी तिथंच बसून तो प्यायला. दसरू सुधारला, असं समजू नकोस. कुंभाराकडे नवी हंडी सांगितल्याची बातमी आहे. मीही पुन्हा जाणार आहे. पण आता तो मला बाई म्हणत नाही, अक्का म्हणतो, आणि त्यामुळे काम फार अवघड झालं आहे.

बाकी सगळं क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, वहिनींच्या स्पीकरला दुरून रामराम.

तुझी,
अन्नपूर्णा

ता. क. : लाखोळीची डाळ पाठवते आहे. खडे मी वेचलेत, नव्या डोळ्यानं, तेव्हा वहिनींनी परत वेचू नयेत.

ता. क. दुसरा : आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. परवा करिश्माच्या लग्नाचा अल्बम काढून बसले. पोरीचा मामा म्हणून तू प्रत्येक फोटोत आहेस आणि प्रत्येक फोटोत मान डावीकडे फिरवून उभा आहेस. एकाच फोटोत कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलंस. भाऊ, तुझ्या डाव्या डोळ्यात तेच आहे. माझ्याहून मोठं आहे. तू कोणाला सांगितलं नाहीस, वहिनींनाही नाही, मला ठाऊक आहे. डॉक्टरांना फोटो दाखवला, तर म्हणाल्या, फोटोवरून काय सांगू, त्यांना घेऊन या. येत्या मंगळवारी सकाळी अकराला तुझा नंबर लावला आहे. मूलच्या स्टँडवर गाडी बदल. मी गडचिरोलीच्या स्टँडवर उभी असेन. तू आला नाहीस, तर मी वहिनींना फोन करीन, स्पीकर त्या आपोआप लावतीलच.

ता. क. तिसरा : मला भीती वाटली नाही, असं वर लिहिलं आहे ते खोटं. सुई दिसली तेव्हा मी नर्सचा हात असा दाबला, की ती बिचारी 'आई गं' म्हणाली. मंगळवारी तू माझा दाब. अंगणवाडीत लस टोचताना पोरांनी तीस वर्षं हाच हात दाबला आहे, त्याला काही होत नाही.