तुमेंगुंग जयसुदिरा यांच्या लघवीबाबत

क्लातेन, शुक्रवार

आदरणीय थोरले मामा, पाक्दे हार्सोयो यांना,

भाची वेनिंगचा नमस्कार. ईदेला तुमच्या गुडघ्यावर कपाळ टेकून करते तसाच समजावा; कागदावर तो नीट जमत नाही. तो गुडघा आता कसा आहे? सुराबायाची हवा मानवली का? सूनबाई भाजीत मीठ बेताने घालतात ना? तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची आई, ठणठणीत आहे. उसाचं गाळप सुरू झाल्याने कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचे नमुने तपासता तपासता माझा दिवस जातो, म्हणजे मीही ठीक आहे. तुम्ही आमच्याकडे सोडून गेलेली खार, म्हणजे तुमेंगुंग जयसुदिरा, तीही ठीक आहे. (हे वाक्य पत्र संपल्यावर पुन्हा एकदा वाचावं.)

पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर पाठवलेलं तुमचा नातू आधी वाचतो व सगळ्या इमारतीला सांगतो. म्हणून आईने तळलेल्या केळ्याच्या काचऱ्यांच्या डब्याबरोबर हे सुराबायाच्या गाडीने पाठवते आहे. डबा आधी उघडला तरी चालेल.

झालं असं, की गेल्या आठवड्यात तुमेंगुंग पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन, शेपटी उचलून, गंभीर चेहऱ्याने उभे राहू लागले आणि काहीच न होता परत येऊ लागले. आई म्हणाली, ध्यान करत असतील. (तुम्ही त्यांना सुभेदाराचं नाव दिलंत तेव्हापासून आई त्यांच्याविषयी आदरानेच बोलते, हळूहळू मलाही तीच सवय लागली.) पण ध्यान करणारा कण्हत नाही. मी पिंजऱ्याच्या तळाला प्रयोगशाळेतला गाळणकागद अंथरला. दिवसभराने त्यावर जे थोडे थेंब दिसले त्यातले काही गुलाबी होते. निष्कर्ष सरळ होता: आवक चालू, जावक बंद. रसाच्या टाकीचं असं झालं तर आमच्याकडे भोंगा वाजतो. तुमेंगुंगांना भोंगा नाही, त्यामुळे तो आईने वाजवला.

तिने अंगणातल्या 'मांजराच्या मिशा' नावाच्या झाडाचा पाला उकळून काढा केला. लघवी साफ व्हायला तो तुम्हीही प्यायचात. मी सांगितलं, की हा काढा टाकी भरतो, तोटी उघडत नाही. "तुझ्या टाक्या तुझ्या कारखान्यात ठेव," आई म्हणाली. तुमेंगुंगांनी काढा हुंगला आणि ते थेट तिच्या बाहीत शिरले. झाडाच्या नावाचा संबंध नसावा.

मग गुरांच्या दवाखान्यातले पाक गियांतो मोटारसायकलवरून आले. आईने त्यांना फोनवर 'आमच्या तुमेंगुंगांची लघवी अडली आहे' एवढंच सांगितलं होतं. नाव ऐकून एखादा खोंड असेल असं त्यांनी धरलं आणि येताना खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे, दोन दोर आणि दोर धरायला मेहुणा असं सगळं आणलं. पिंजऱ्यासमोर उकिडवे बसून ते बराच वेळ बघत राहिले. "बू," ते आईला आदराने म्हणाले, "माझी सगळ्यात बारीक नळी यांच्यापेक्षा लांब आहे. मला गाय गाभण कशी करायची ते विचारा. डोळे मिटून करतो." मेहुणा म्हणाला, "डोळे मिटूनच करतो, म्हणून दोर धरायला मी लागतो." आईने दोघांना चहा दिला आणि उरलेला काढाही दिला. तो त्यांनी आवडीने प्यायला आणि जाईपर्यंत आळीपाळीने आमच्या केळींमागे जात राहिले. म्हणजे काढ्यात दोष नव्हता.

त्यानंतर मी ठरवलं ते झालं. पिंजरा आईच्या मांडीवर, त्यावर तिची चांगली बाटिक, पुढे मी, अशा तऱ्हेने माझ्या स्कूटरवरून आम्ही योग्या शहरातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. लाल दिवा लागला की आई त्यांना वारा घालायची. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. दवाखान्यात सगळ्या केसाळ मांजरी. (तुमेंगुंगांची मान खाली गेली ती तपासून होईपर्यंत वर आली नाही.) नाव पुकारलं गेलं, "तुमेंगुंग जयसुदिरा!" आणि बाकावरचे एक आजोबा मांडीवरचं मांजर बाजूला ठेवून हात जोडून उभे राहिले. आम्ही पिंजरा घेऊन त्यांच्यासमोरून गेलो. बसायचं की नाही हे त्यांना ठरवता येईना.

डॉक्टर अनिंद्या माझ्याच वयाच्या आणि कमी बोलणाऱ्या. मला त्या आवडल्या. क्ष-किरणाच्या चित्रात मूत्राशयात वाळू दिसली आणि एक कणी. वाळू त्यांनी धुऊन काढली. कणी तोंडाशी येते, अडते आणि मागे सरकते. ती आपली आपण पडली तर प्रश्न मिटला. सोमवारपर्यंत पडली नाही तर चिरून काढायची, आणि एवढ्याशा जिवाला भूल दिल्यावर तो उठेलच असं सांगता येत नाही. (हे त्यांनी मला सांगितलं. आईला मी 'छोटंसं काम' असं सांगितलं आहे. तुम्हीही तसंच म्हणा.) ते काय खातात, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होत्या. आई म्हणाली, "असेल ते. घरचंच."

"घरचं म्हणजे काय?"

"म्हणजे... घरचंच." आणि आई जमिनीकडे बघून हसली. ते हसू तुम्हाला माहीत आहे. त्याच्यापुढे कोणाचाच प्रश्न टिकत नाही.

घरी आलो तर शेजारच्या बू सार्जियेम दारातच होत्या. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "कणीबिणी काही नाही गं, नाव जड झालंय! मूठभर जीव आणि डोक्यावर अख्खा जिल्हा. आमच्या मधल्याला राजाचं नाव ठेवलं तर ताप म्हणून हटेना. नाव बदललं, आणि दुसऱ्या दिवशी शेळ्यांमागे पळाला."

"आता काय करतो तो?" मी विचारलं.

"शेळ्यांमागेच पळतो. पण ताप आहे का? नाही!"

आईला हे पटलं. गुळाची तांबडी आणि नारळाच्या दुधातली पांढरी खीर करायची, शेजारी वाटायची, हलकं नाव ठेवायचं, आणि तोवर तुमेंगुंगांना सुरी लावू द्यायची नाही. शिवाय ज्याने नाव दिलं त्यानेच ते उतरवलं पाहिजे. ते तुम्ही. माझा नावाच्या वजनावर विश्वास नाही. वजनं करणं हे माझं कामच आहे आणि आमच्या कुठल्याही काट्यावर ते दिसत नाही. पण सोमवारी पिंजरा आईच्या हातातून सुटायला हवा. तेव्हा एखादं हलकं, चिखलात काम करणाऱ्या माणसाचं नाव गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यावं. तो उद्याच परत निघतो. तोंडी चालेल.

बाकी काळजीचं कारण नाही.

तुमची आज्ञाधारक भाची,
वेनिंग

ता. क. तुम्ही पाठवता ती म्हाताऱ्या माणसांची हाडं बळकट करणारी दूध पावडर फार उत्तम आहे. 'मला मानवली, त्यालाही द्या' असं तुम्ही म्हणालात, म्हणून आईने ती रोज वाटीभर दिली. कणी त्या पावडरीतल्याच चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, आहे. परक्यासमोर थोरल्या भावावर बोल यायला नको म्हणून आई दवाखान्यात हसली; मी मागे थांबून डॉक्टरांना डब्याचा फोटो दाखवला. हे पत्रात लिहायला आईची बंदी आहे. म्हणून पत्रात लिहिलेलं नाही. डबे पाठवणं मात्र थांबवू नका. अचानक थांबले तर आई ओळखेल. ती स्वतःच पिते आहे आणि आता जिना चढताना तिला कठडा धरावा लागत नाही.

पुन्हा ता. क. सोमवारी तुम्हीच आलात तर बरं होईल. येताना तुमची जुनी काळी टोपी आणा, ज्यात ते लहानपणी झोपायचे ती. धुऊ नका. भूल उतरताना ओळखीचा वास लागतो असं डॉक्टर म्हणाल्या. (डॉक्टर असं काही म्हणालेल्या नाहीत.) मी घरीच आहे. कारखान्यात रजेचं कारण 'घरातील मानकरी पुरुष अत्यवस्थ' असं दिलं आहे, आणि त्यात चूक काही नाही.

शेवटचा ता. क. कागदाच्या उजव्या कोपऱ्यातला डाग चहाचा नाही. पाकीट बंद करण्याआधी मी तुमेंगुंगांना हातात घेऊन पोटाला कोमट फडकं लावत होते. आई बाजारात गेली होती. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, केवळ पडताळा म्हणून, मी एकदा 'पोनिजो' अशी हाक मारली. तुमच्या भातशेतीवरच्या जुन्या गड्याचं नाव. तो मुतला, पाक्दे. चांगली धार लागली: माझी बाही, टेबल, हे पत्र. कणीही पडली. ती पुडीत बांधून सोबत ठेवली आहे. केळ्याच्या काचऱ्यांत मिसळू देऊ नका. आता तो तुमच्या बहिणीने सोललेला पेरू खातो आहे. कारण शास्त्रीयच आहे: उबेने स्नायू सैल पडतो. हाकेचं आईला कळवू नका. आणि वर मागितलेलं नाव आता पाठवू नका. पोनिजोच राहू दे. दुसरं नाव ठेवून हा प्रयोग पुन्हा करून पाहायची माझी तयारी नाही.