अनौपचारिक चर्चा आणि नऊ नारळ

३ फेब्रुवारी
शेजारच्या देशाचे चार अधिकारी आणि आपले दिल्लीचे चार, बारा तारखेला आमच्या द्राक्ष बागायतदार संघात येणार. ओझर विमानतळावरून थेट मालवाहू विमान आणि द्राक्षांचा व्यापार, यावर अनौपचारिक चर्चा. देशाचं नाव लिहीत नाही. गोपनीयता.
माझी धाकटी जाऊ छाया. तिचा द्राक्षांचा ट्रक गेल्या वर्षी सीमेवर आठ दिवस उभा होता. द्राक्षांचा रस रस्त्यावर. यंदा विमान ठरलं नाही तर तिथला व्यापारी सौदा मोडणार. तिला चर्चेत दोनच मिनिटं हवीत.
सूत्रसंचालन माझ्याकडे. साहजिकच. बी.ए., राज्यशास्त्र, १९७९. वेळ एक तास. अकराला पाहुणे विमानतळाकडे. घड्याळ मी सांभाळणार. शाल-श्रीफळ बंद.

५ फेब्रुवारी
संघाचे सचिव सोमनाथ आले. मॅडम, निदान एक नारळ तरी, म्हणाले. पाहुणे रिकाम्या हाताने गेले तर लोक काय म्हणतील! ठाम नकार दिला.
सायं. ५.२० : एक नारळ मंजूर.

८ फेब्रुवारी
एका सरकारला नारळ आणि दुसऱ्याला नाही, हे कसं चालेल? समतोल हा परराष्ट्र धोरणाचा पाया आहे. नऊ नारळ, नऊ शाली. (नववा दुभाष्या. तोही माणूसच.) तत्त्व मात्र कायम : हार नाहीत.
पाहुण्यांना द्राक्षांची एकेक पेटी देऊ का, असं छायाने विचारलं. नाही म्हटलं. लाच वाटेल.

१० फेब्रुवारी
पाच मिनिटांचं प्रास्ताविक लिहून झालं. एकोणीस पानं. भरभर वाचेन.

१२ फेब्रुवारी
१०.०० : पाहुणे वेळेवर. नवखे आहेत.
१०.२५ : सत्कार संपले. सोमनाथ फोटोसाठी प्रत्येकाला दोनदा शाल पांघरत होते. वेळेची किंमतच नाही लोकांना.
१०.२६ : माझं प्रास्ताविक. सुरुवात सातवाहनकालीन व्यापारापासून. छायाने मध्येच हात वर केला. प्रश्न शेवटी, असं तिला बजावलं.
१०.५८ : मी 'थोडक्यात' म्हणाले आणि बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आभार सोमनाथांनी उभ्याउभ्या उरकले.
चर्चा अत्यंत सौहार्दपूर्ण. कोणाचाही कोणत्याही मुद्द्यावर मतभेद झाला नाही. छाया न जेवता गेली. उन्हाचा त्रास असावा.

१३ फेब्रुवारी
विमानतळावरून फोन. केबिनमध्ये नारळ नेता येत नाही. नऊच्या नऊ तपासणीत राहिले, घेऊन जा. हवाई वाहतुकीबाबत एक तरी निर्णय झाला.
छायाच्या पिकअपमधून आणले. गाडी तीच चालवत होती. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, की व्यापाऱ्याने सौदा मोडला. मी तिला सांगितलं, अशा गोष्टींना वेळ लागतो. ती म्हणाली, हो ताई, पाहिलं ना काल.

४ मार्च
छायाने द्राक्षं वाळवून बेदाणा केला. आज बर्फी घेऊन आली. नारळ माझे, तेच परत आलेले; बेदाणे तिचे. खा ताई, म्हणाली, याला विमान लागत नाही.
चर्चेतून काही निघालं नाही, असं म्हणणाऱ्यांना ही बर्फी दाखवायला हवी.
मग तिने सहज विचारलं, त्या दिवशी घड्याळ कोणाकडे होतं?
मी बर्फीचा दुसरा तुकडा घेतला.