टोकाची ताटली

२४ सप्टें. ९१, मंगळ.
माझा हात मोठा, म्हणे. आणि हे सांगायला गिऱ्हाईक समोर उभं असतानाचीच वेळ सापडली. मी मांदेली वाढलेली, जनाने त्यातली निम्मी उचलून परत परातीत टाकली. दीर आहेस, सासरा नाहीस. बोटीवर भंडारी म्हणून रांधायचा, जग बघून आला, म्हणून मी तळणं त्याच्याकडून शिकायचं?
बोलतो, "वहिनी, स्पेनच्या बंदरावर ताटली तळहाताएवढी असते. माणूस उभ्याने दोन घास खातो, एक घोट घेतो. पोट भरलं की तो घरी जातो नि विसरतो. भरू द्यायचं नाही, म्हणजे परत येतो."
स्पेन गेलं खड्ड्यात. पण काउंटरला उभं राहायला जागा नसते, हे खरं.

२६, गुरु.
निवटे चांगले मिळाले. कोलंबी बारीक. पाटी नाही, कार्ड नाही, सकाळी खाडीवरून येईल तेच संध्याकाळपर्यंत. जनाचं एवढं मला पटतं. नि गरम पाहिजे. थंड मासा वाढायचा तर दुकान कशाला.
नौपाड्याचे मास्तर आलेले. "पनीरचं काही?" म्हटलं, खाडीत सापडलं तर देईन. हसले, दोन ताटल्या जास्त खाऊन गेले.
दुपारी शटर अर्धं ओढून आवरत होते. काउंटरच्या टोकाला, खाडीच्या अंगाला, एक ताटली. मांदेलीची डोकी कडेने ओळीत लावलेली. सगळी तोंडं खाडीकडे.
भांडीवाल्या ताराबाईला विचारलं, इथं कोण होतं?
"तिथं कोण उभं राहतंय, ताई. पंखा लागत नाही."
डोकी अशी फक्त हे लावायचे. मी वैतागायचे, पोहत परत जाणार आहेत काय ती. हे बोलायचे, गेली तर जाऊ दे की.
ताटली मीच धुतली.

२७, शुक्र.
परत तसंच. मला वाटलं जनाच करतोय. तोंडावर विचारलं. आईची शपथ घेतली त्याने. मग खाली बघून बोलला, "पितृपक्ष चालू आहे, वहिनी. दादाचं आपण काहीच केलं नाही."
झालं, परत तेच. होडी मिळाली, माणूस मिळाला नाही. दोन पावसाळे गेले. पिठाचा पुतळा करून जाळू, दिवस घालू, असं तो मागच्या वर्षीपण बोललेला. पीठ जाळून मी कुंकू पुसू? बायका कपाळाकडे बघतात. बघू दे.

१ ऑक्टो., मंगळ.
आज मुद्दाम केलं. दुपारी गिऱ्हाईक नाही. टोकाला गरम मांदेली ठेवली, मीठ यांच्या हिशोबाने जास्त. पाठ करून कांदा चिरत बसले. ताराबाई समोर, तिचं तोंड काउंटरकडे.
आवाज काही नाही. फक्त वास. ओहोटीला चिखल उघडा पडतो तसा.
वळले तर डोकी लागलेली. काउंटरचं लाकूड ओलं.
ताराबाईच्या हातात ओला पेला तसाच. विचारलं, काय बघितलंस? तिने पेला खाली ठेवला. मग हळू बोलली, "ताई, पुरत नाही त्यांना."
पदराने तोंड पुसलं नि घरी गेली. आलीच नाही परत.

३, गुरु.
डोक्यातून जात नाही. भरू द्यायचं नाही म्हणजे परत येतो. मी रोज तेच करतेय की. दोन घास दाखवायचे नि पुढची मांदेली कढईत सोडायची. माणूस जाणार कसा?
आणि हे जावेत असं मला वाटतं का, ते...
जना बोलला, सोमवारी सर्वपित्री आहे. घरचं ताट भरून वाडी दाखवू, कावळा शिवला की दादा सुटला. रविवारी भटजीला सांगायला हवं.
म्हटलं, तू मधे पडू नको. ज्याचं त्याला विचारते.

४, शुक्र.
अहो, ऐका. तोंडाने बोलले तर जना ऐकेल, म्हणून लिहिते.
टोकाला दोन्ही ठेवलंय. मांदेलीची छोटी ताटली, नि घरचं पितळेचं ताट, रिकामं. जिवंत असाल तर पुढच्या दाराने या, लोकांसमोर, मी काय ते बोलून घेईन. नसाल तर डोकी ताटात ठेवा. सोमवारी भरून वाढते. वडे, खीर, मांदेली, कुणाला आवडो न आवडो. पोटभर खा नि जा.
आणि जायचं नसेल तर ताटलीतच ठेवा, पण तोंडं माझ्याकडे करा. मग भटजीला नाही सांगणार. कपाळाचं मी बघते.
खाडीकडे बघत अर्धपोटी उभं राहायचं, हे मला चालणार नाही.
रविवारी दुपारपर्यंत सांगा.