पाळण्याची कडी

अण्णा, आज सकाळी सभामंडपात आसन घालताना सहज वर पाहिले आणि तुमच्याशी बोलावेसे वाटले. तुमच्या जागी बसून तुमचीच पोथी वाचणारा मी आता तुमच्या शेवटच्या वयालाही मागे टाकून आलो आहे. मुलुंडच्या आपल्या राममंदिरात मधल्या तुळईची ती लोखंडी कडी अजून जागेवर आहे. रामनवमीला तिला पाळणा टांगायचा, माध्यान्ही जन्म झाला की गुलाल उधळायचा, आणि मग वर्षभर तिच्याकडे कुणी पाहायचेही नाही, अशी तिची रीत होती. ती रीत तुम्ही मोडलीत. तो दिवस आठवला की आजही माझे हात नकळत जोडले जातात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बँकेत नोकरीला होतो आणि आमच्या भागातल्या सेवा क्लबाचा सभासद झालो होतो. दातांचे डॉक्टर अध्यक्ष, बाकी दुकानदार, शिक्षक, माझ्यासारखे नोकरदार. रविवारची झोप मोडून आम्ही चाळींतल्या मुलींसाठी दोरीच्या मल्लखांबाचा वर्ग चालवीत होतो. शाळेच्या मैदानातल्या चिंचेच्या फांदीला सुती दोर बांधायचा, खाली गाद्या अंथरायच्या, आणि क्लबाच्याच एका निवृत्त व्यायामशिक्षकांनी शिकवायचे. तुम्हांला या उद्योगाचे कौतुक नव्हते. तुम्ही पाटावर जेवायला बसलेले आहात, आई ताक वाढते आहे, आणि तुम्ही मला विचारता आहात, "सभेच्या आरंभी घंटा वाजवता म्हणे. देव कोणता रे तुमचा?" मी हा प्रश्न डॉक्टरांच्या कानी घातला. त्यांनी उलट निरोप धाडला, "अण्णांना सांग, घंटा नाही वाजवली ना, तर आमचे मेंबर बिस्किटं सोडून सभेला बसतच नाहीत." तो निरोप ऐकून तुम्हांला ताकाचा ठसका लागला होता.

त्या श्रावणात मैदानाचे तळे झाले आणि वाऱ्याने चिंचेची फांदी मोडली. दिवाळीआधी जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. वर्गातल्या सर्वांत तयार मुलीचा बाप संपानंतर गिरणीबाहेरच राहिलेला, मालवणकडचा गृहस्थ. तो दवाखान्यात येऊन डॉक्टरांना म्हणाला, "सराव नाय, तर पोरगी हय ऱ्हवान काय करतली? गावाक धाडतंय आजयेकडे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, घरातले एक ताट कमी करण्याचा नाइलाज होता. गावी गेली की तिची शाळाही सुटणार, हे आम्हां सर्वांना दिसत होते. आम्ही लग्नाचे हॉल पाहिले. कुठे छत ठेंगणे, कुठे मालक तयार नाही. शेवटी एका दुपारी डॉक्टर आपल्या मंदिरात दर्शनाला आले, मान वर करून त्या कडीकडे पाहत थबकले, आणि मला म्हणाले, "तुझे वडील फार चिडतील का रे?"

तुम्ही सोवळ्याचा रेशमी कद नेसून प्रवचनाच्या तयारीत होता. पुढे नेहमीची श्रोतेमंडळी बसू लागली होती. ती मुलगी आणि तिचा बाप दाराशी पावसाने निथळत उभे, डॉक्टरांच्या हातात दोराचे वेटोळे. डॉक्टरांनी सगळे सांगितले. तुमच्याआधी श्रोत्यांतल्या, पहिल्या रांगेतल्या एक काकूच बोलल्या. "रामाच्या पाळण्याच्या कडीला लोंबकळायचं? आणि त्याही अर्ध्या चड्डीतल्या पोरींनी? अण्णा, तुम्ही ऐकून तरी कसं घेता?" मला वाटले, संपले. तुम्ही त्या मुलीकडे पाहिलेत आणि म्हणालात, "पाळणा हलका असतो हो. पोरीचं वजन त्या कडीला पेलेल का, ते आधी पाहायला हवं. शिडी आण रे."

दोर बांधून झाला. डॉक्टर पुढे सरसावले, "अण्णा, मी लटकून बघतो ना." "तुमच्या वजनाला मंदिर नाही पुरायचं," असे म्हणून तुम्ही स्वतःच पुढे झालात. अण्णा, सोवळ्यात असताना आपल्या नातवालाही दूर ठेवणारे तुम्ही, त्या मुलींच्या घामाने काळवंडलेला दोर तुम्ही दोन्ही हातांनी धरलात आणि दोन्ही पाय जमिनीपासून उचललेत. कडी करकरली. तुळईच्या खाचांत साचलेला कित्येक रामनवम्यांचा गुलाल सुटला आणि तुमच्या शेंडीवर, खांद्यांवर, कदावर अलगद उतरला. तुम्ही तसेच लोंबकळत मान वर करून पाहत होता. मग पाय टेकलेत आणि म्हणालात, "पेलते."

आई आतून धावत आली. "अहो, दोराला शिवलात. आता पुन्हा अंघोळ करून कधी बसणार?" तुम्ही गुलाल न झटकता म्हणालात, "झाली की सकाळी." त्या तीन शब्दांवर आई देवापुढच्या खांबाला टेकून उभी राहिली, ते मला अजून दिसते. तुमच्याबरोबरच्या सगळ्या संसारात तिने असे वाक्य ऐकले नव्हते.

व्यासपीठावर चढताना तुम्ही मुलीला म्हणालात, "चढ बाळ. आम्हांलाही बघू दे." तिने आधी दोराला नमस्कार केला. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरीत ती वर गेली, अधांतरी दोराचा वेढा मांडीभोवती घेऊन तिने पद्मासन घातले, हात जोडले, डोळे मिटले. आरंभी दोर झुलत होता, मग हळूहळू स्थिर झाला. पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि खाली कुणी हलत नव्हते. तुमच्यापुढे नेमका तोच अध्याय उघडा होता, ज्यात योग्याच्या निश्चल आसनाचे वर्णन येते. जन्मभर ते तुम्ही आम्हांला शब्दांनी समजावीत आला होता. तुम्ही पोथी मिटलीत. "आज वाचत नाही," म्हणालात, "वर बघा." काकूंनीही पाहिले. त्यांचा पदर डोळ्यांशी गेला होता. पोरीचा बाप दारातच खाली बसला होता.

मुलगी गावी गेली नाही. स्पर्धेत तिला काय मिळाले ते तुम्ही कधी विचारले नाहीत, म्हणून मीही इथे लिहीत नाही. क्लबाचा फलक तुम्ही शेवटपर्यंत देवळाबाहेरच लावू दिलात. दोर मात्र आत राहिला, तुमचे प्रवचन त्या पावसाळ्यात मुली उतरल्यावर सुरू होत असे, आणि तुम्ही मांडीवर बंद पोथी घेऊन वर पाहत बसत असा. आता तीच मुलगी तिथे शिकवते. तिचेही केस पिकले आहेत. नव्या मुलीला दोरावर चढवण्याआधी ती स्वतः दोर धरते आणि दोन्ही पाय उचलते. असे का, हे तिच्या शिष्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटते, मल्लखांबाची जुनी परंपरा असावी.

हे कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचे नाहीत, हे मला कळते. पण एक गोष्ट सांगायची राहिली. आज सकाळी मंडपात कुणी नव्हते. मीही सोवळ्यात होतो. मी तो दोर दोन्ही हातांनी धरला आणि वर पाहिले. अण्णा, माझा एकच पाय उचलला गेला.