दहाव्याला दिलेला शब्द

२ जून २००६
हसनाबादच्या पुढच्या या खेड्यात उपकेंद्राची सिस्टर म्हणून आज रुजू झाले. खोली हवेशीर आहे, दाराशी शेवगा. शेजारच्या दुर्गाबाई भाकरी-ठेचा घेऊन आल्या आणि चाळिशी उलटली तरी लगीन का केलं न्हाई, हे पहिल्याच घासाला विचारून मोकळ्या झाल्या. हसू आलं. इथे करमेल.

१४ जून
घरोघर चिकनगुनिया. माणसं गुडघे धरून वाकून चालतात. दुर्गाबाईंच्या सासूबाई, साखराबाई, पहाटे तापात गेल्या. एवढ्या तिरड्या कोणत्याच साली उठल्या नव्हत्या, असं गाव म्हणतं. तालुक्याच्या साहेबांकडे डॉक्टर मागितला. या तापानं कुणी मरत नाही असं वरून आलंय, मेलंच नाही तर डॉक्टर कशाला, म्हणाले. मृत्यूच्या नोंदीत कारण ‘म्हातारपण’ लावायला सांगितलं.

२३ जून
साखराबाईंचा दहावा. पिंडाला कावळा शिवेना. घरच्यांनी नातीचं लग्न, म्हशीचा सांभाळ, सगळं कबूल केलं. दुर्गाबाई पिंडावरच चिडल्या, आत्याबाई, जित्तेपणी रुसल्या ते रुसल्या, आता तरी जेवा! मग माझ्याकडे वळल्या, त्या कशानं गेल्या ते तुम्हीच सांगा बरं. मी हात जोडले. तापानं गेलात, मी वर कळवीन. कावळा लगेच उतरला.

२६ जून
कळवलं. साहेबांनी खोडलं. एका खेड्यापायी सरकारचं धोरण बदलत नसतं, म्हणाले.

३ जुलै
तिशीतला कडूबा तापानं गेला, त्यालाही साहेबांनी म्हातारपणातच बसवला. त्याच्या दहाव्याला मी तोच शब्द दिला. दुपारपर्यंत कावळा नाही. दिलेला शब्द मोडला की गेलेलं माणूस मागं फिरतं, असं दुर्गाबाई हळूच म्हणाल्या.

५ जुलै
सकाळी ओसरीवर साखराबाई बसलेल्या. अंग लई तापलंय म्हणे, गोळी द्या. थर्मामीटर लावलं. पारा हलला नाही.

९ जुलै
ओसरी भरलीय. कडूबाही आहे. सगळे गोळी मागतात —

१२ जुलै
मला ताप. बोटं वळत नाहीत. डॉक्टर पुन्हा मागितला. साहेब म्हणाले —

तारीख —
साहेब आले. पहिल्यांदाच. समोर तिरडी बांधताहेत. दुर्गाबाई रडत भांडताहेत, ताप म्हणा साहेब, म्हंजे बाकीच्यांसाठी तरी डॉक्टर येईल. साहेब म्हणतात, सिस्टरचं हृदय कमजोर होतं — मी इथेच, दारात — कुणी वळत नाही — तापच होता साहेब, मी स्वतः सांग