पेला नीट बसलाय म्हणे

प्रिय बाबा,

हे पत्र हातात पडलं की आधी आईला काहीतरी आणायला बाहेर पाठव. ती खांद्यावरून डोकावून वाचणार असेल तर सरळ घडी करून उशीखाली ठेव. फोन सोडून ही पत्र कसलं लिहीत बसलीये, असं तू म्हणशीलच. अरे, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी हॅलो म्हणायच्या आत 'एकदम मजेत, पाय फर्स्टक्लास, घे, आईशी बोल' म्हणून मोकळा होतोस. इतक्या घाईने कुणी खरं बोलत नाही. तेव्हा आडून आडून न बोलता लिहिते: माझा तुझ्यावर संशय आहे. तुझा पाय दुखतोय आणि तू ते माझ्यापासून लपवतोयस.

नुसता संशय नाही, पुरावे आहेत. परवा आई गॅलरीत उभी राहून व्हिडिओ कॉलवर बोलत होती. तिच्यामागे दोरीवर तुझे ते जाड पांढरे मोजे वाळत होते, खोटा पाय घालायच्या आधी चढवतोस ते. दोरीभर! पूर्वी एक दोरीवर आणि एक पायात, एवढाच त्यांचा संसार होता. ज्याचा पेला नीट बसलाय तो माणूस एकावर एक मोजे चढवत नाही, बाबा. पेला सैल झाला, आत पाय हलायला लागला, की चढवतो. हो, उरलेला पाय ज्यात बसतो त्या सॉकेटला मी इथेही पेलाच म्हणते, तुझ्यामुळे तोंडात बसलंय. इथले लोक बघत राहतात, हिला तहान लागली की काय. दुसरा पुरावा म्हणजे पंखा. मी सकाळी फोन करो नाहीतर संध्याकाळी, तुझ्या आवाजामागे तुझ्या खुर्चीवरच्या पंख्याची टकटक असतेच. बेल वाजली की तू बसल्या जागेवरून 'अगं, बघ गं कोण आहे' ओरडतोस. तू! आलेला माणूस बेल शोधतोय तोवर दार उघडून उभा राहणारा तू! आणि आई तुला पूर्ण फितूर आहे. 'बाबा चालतो का गं?' विचारलं की ती मला उकाड्याबद्दल सांगायला लागते.

आता म्हणशील, कार्टी परदेशात जाऊन पोलिसात भरती झाली की काय. तसंच झालंय थोडंसं. इथे आल्यापासून मी सगळ्यांवरच संशय घेत होते. आमच्या खोट्या पायांच्या वर्कशॉपचा जो मुख्य कारागीर आहे, ज्याच्या हाताखाली मी आहे, त्याला मी मनातल्या मनात 'खांब' म्हणते. उंच, सरळ, आणि बोलतोही तेवढंच. मी अजून कच्ची उमेदवार. मला पक्कं करायचं की घरी पाठवायचं हे तोच ठरवणार. त्याची एक सवय अशी की तो प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. आपल्याकडे दोन माणसं एवढा वेळ गप्प बसली तर तिसरं माणूस मध्ये पडून भांडण मिटवेल. मला ती शांतता सहन व्हायची नाही. मी आपली काहीतरी बडबडून ती भरून काढायचे, हसायचे, स्वतःच्याच कामाचं कौतुक करायचे. तो नुसता बघायचा. मला वाटायचं, सापळा लावून बसलाय, मी कधी अडकते त्याची वाट बघतोय.

त्यात तो कधी 'छान' म्हणत नाही. मी जीव ओतून घासून गुळगुळीत केलेला पेला हातात घेतो, उजेडात फिरवतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, 'हे वाईट झालंय.' बस्स. वर 'पण' नाही, 'तरी' नाही, 'प्रयत्न चांगला होता' नाही. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तर हा गृहस्थ मला विचारतोय, कॉफी घेणार का? माझी खात्रीच पटली की हा पोचलेला माणूस आहे. गोड बोलून काढणार. शिवाय समोरच्या काउंटरवर बसते ती घंटीबाई, पेशंट आला की टेबलावरची घंटी वाजवणारी. ती आणि खांब काचेपलीकडे कुजबुजत असायचे, मी आत गेले की दोघं चूप. म्हटलं, झालं. आपलं तिकीट काढतायत.

मग ती शिंपीणबाई आली. शिलाईचं दुकान आहे तिचं, तुझ्याच वयाची, तुझ्यासारखाच गुडघ्याखाली पाय गेलेला. ती इथलीही नाही आणि आपल्याकडचीही नाही, तिसऱ्याच मुलखातली. इथली भाषा माझ्याहून मोडकी. तिचा अख्खा पाय खांबने मला एकटीला करायला दिला. माप, प्लास्टरचा साचा, भट्टीत तापवलेलं प्लास्टिक, सगळं. मी पाय चढवला, तिला दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं, म्हटलं, 'बरोबर बसलाय ना? टोचत नाही ना कुठे? मस्त वाटतंय ना?' ती हसली. मान हलवली. माझे हात हातात घेतले. आरशापर्यंत जाऊन आली आणि पुन्हा हसली. मी तर हवेत! खांब भिंतीला टेकून बघत होता, त्याच्याकडे मी मुद्दाम 'बघ' अशा नजरेने पाहिलं. ती गेली. जाताना काउंटरपाशी थांबून घंटीबाईशी काहीतरी बोलली. मग घंटीबाई खांबशी बोलली. मी काचेतून तिघांनाही पाहिलं आणि समजले, चुगली चाललीये. माझ्या तोंडावर गोड हसली आणि तिकडे जाऊन लावालावी केली, कसली दुटप्पी बाई!

दुसऱ्या दिवशी खांबने तिला परत बोलावलं. पाय काढायला लावला, मोजा काढला. नडगीच्या हाडावर लालभडक चट्टा होता, बाबा, त्यावर फोड. खांब स्टूल घेऊन तिच्यासमोर बसला आणि विचारलं, 'कुठे लागतं?' एवढंच. आणि गप्प. ती हसली. हा गप्प. ती माझ्याकडे बघून हसली. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने हाताने मला थांबवलं. ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. हळूहळू तिचं हसू गळून पडलं आणि ती बोलायला लागली ती थांबेचना. इथे लागतं, जिना चढताना असं लागतं, मशीनचं पॅडल दाबताना तसं. मग मान खाली घालून मला म्हणाली, 'रागावू नकोस. आमच्यात ज्याने स्वतःच्या हातांनी आपल्यासाठी काही केलंय, त्याच्या तोंडावर खोट काढत नाहीत. थोबाडीत मारल्यासारखं ते. म्हणून मी त्या बाईला सांगितलं. ती तुला सांगेल, तू दुरुस्त करशील, आणि दोघींचा मानही राहील.' म्हणजे तिने चुगली केलीच नव्हती. तिने मला निरोप पाठवला होता, तिच्या रीतीने, अगदी अदबीने. तो ऐकायचा कसा हे मला माहीत नव्हतं.

ती गेल्यावर मी खांबला सरळच विचारलं, मला काढताय का? तो इतका गोंधळला की पहिल्यांदा त्याने स्वतः शांतता भरून काढली. म्हणाला, काढायचं असतं तर 'वाईट झालंय' असं सांगत कशाला बसलो असतो? नुसतं छान म्हणून सोडून दिलं असतं. आम्ही ज्याला आपला समजतो त्यालाच सांगतो. आणि काचेपलीकडे मी आणि ती काउंटरवरची तुझ्या पेशंटांचे निरोपच बोलत असतो. तुझ्यासमोर बोललो तर तुला वाईट वाटेल, असं तीच म्हणते. मग म्हणाला, 'तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. समोरच्याला नुसती मान हलवायचं काम उरतं.' मला तुझा आवाज आला कानात. एकदम मजेत, फर्स्टक्लास.

आणि मग मला आत्या आठवली. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता, इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाली, 'तुझा बाप हल्ली पाय कोपऱ्यात उभा करून ठेवतो गं, सैल झालाय म्हणे.' मी तिच्यावर डाफरले. तुला माहितीये, आत्याने माझ्या शिक्षणाला, नोकरीला, केसांना, कशाला म्हणून बरं म्हटलेलं नाही. म्हटलं, आता माझ्या धंद्यातही खोट काढतेय. पण बाबा, ते 'म्हणे' कुणाचं? तिला कोण म्हणालं? ती तुमच्याकडे येऊन कोपऱ्यातला पाय बघून गेली असेल, पण सैल झालाय हे बघून कळत नाही. ते ज्याच्या पायात आहे त्यालाच कळतं.

आता का लिहिलं ते. तुझा पाय मी केलाय, बाबा. शेवटच्या वर्षाला, माझा पहिला पाय, आणि परीक्षक समोर उभे असताना तू तो घालून चाललास. त्यांनी विचारलं, कसा वाटतोय? तू म्हणालास, 'देवाने दिलेला होता त्यापेक्षा बरा.' सगळे हसले, आईने डोळे पुसले, मी पहिली आले. त्या दिवसापासून तू त्या एका वाक्यात अडकून पडलायस. तो पाय वाईट आहे म्हणणं म्हणजे मला वाईट म्हणणं, असं तुला वाटतं, आणि मी प्रत्येक फोनवर 'बरा आहे ना पाय?' विचारून तुला अजून घट्ट अडकवलं. मग तू खुर्चीत बसून राहिलास, म्हणजे तुझ्या लेकीचा पाय कोपऱ्यात तरी चांगला दिसेल. ऐक, उरलेला पाय वर्षा-दोन वर्षांत आटतोच, आणि आटला की जगातला कितीही चांगला पेला सैल होतो. माझाही झाला असेल. कदाचित पहिल्या दिवसापासूनच टोचत असेल, तेही चालेल. पुढच्या महिन्यात मी येतेय, खांबने सुट्टी दिलीये, प्लास्टर बरोबर घेऊन जा म्हणाला, साचा इथे पाठव, दोघं मिळून करू. पण तुझा साचा घेऊन उपयोग काय, तू पुन्हा हसून मान हलवणार असशील तर? म्हणून आधी उत्तर लिही. आत्याकडून नाही, आईकडून नाही. तुझ्या हाताने. कुठे लागतं?

तुझीच,
संशयी कार्टी